गुहेपेक्षा फाटा मोठा

१९२०च्या दशकातली उन्हाळ्याची एखादी दुपार. अमेरिकेच्या केंटकी राज्यात, लुइव्हिलहून नॅशव्हिलकडे जाणाऱ्या डिक्सी हायवेवर धुरळा उडवत फोर्डची मोटार येते आहे. मागे तंबूची वळकटी, बाजूला बांधलेली पाण्याची बादली, आत दोन पोरं आणि डबाबंद खाण्याची पेटी. कुटुंब निघालंय मॅमथ केव्ह बघायला. वळणावर गाडीचा वेग मंदावतो आणि रस्त्याकडेचा एक माणूस टुणकन उडी मारून गाडीच्या पायरीवर चढतो. डोक्यावर बिल्ल्याची टोपी, चेहऱ्यावर सरकारी गांभीर्य. मॅमथ केव्हचा रस्ता पुढे वाहून गेलाय, तो सांगतो. गुहा आज बंद आहे. पण काळजी नको, याहून सरस गुहा इथे डाव्या हाताला आहे, गाडी लावायला जागाही मोकळी आहे.

रस्ता वाहून गेलेला नसतो आणि गुहाही बंद नसते. या माणसांना तिथे ‘कॅपर’ म्हणत. गाड्या अडवून त्या आपल्या मालकाच्या गुहेकडे वळवायच्या, हा त्यांचा धंदा. तीर्थाच्या गावी एसटीतून पाय खाली टाकायच्या आत ‘गाव कोणतं, आडनाव काय’ विचारणारे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना कॅपर समजावून सांगायची गरज नाही. फरक एवढाच, की केंटकीतले हे लोक धावत्या गाडीवर चढत.

आज त्याच रस्त्यांवरून आरव्ही धावतात. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर: पलंग, शेगडी, शौचालय, पाण्याची टाकी, सगळं एका गाडीत. अशी गाडी घेऊन गुहा बघायला आलेल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो ‘ही रात्री लावायची कुठे?’ हा. प्रश्न नवा वाटतो, पण या मुलखात तो दोनशे वर्षं विचारला जातो आहे. गाडी तेवढी बदलत गेली, आधी घोड्याची, मग वाफेची, मग पेट्रोलची. गुहा जमिनीखाली असते, पण कमाई जमिनीवर होते, आणि तीही जिथे वाहन थांबतं तिथे. त्यामुळे इथला इतिहास जितका गुहेचा आहे, तितकाच फाट्याचा आहे.

मॅमथ केव्हचा प्रदेश चुनखडीचा. माती पातळ, जागोजागी खचलेले खळगे, ओढे थोडं अंतर वाहून जमिनीत गडप होणारे. शेती करून पोट भरणं कठीण. पहिल्यांदा गुहेचा पैसा झाला तो तिच्यातल्या मातीमुळे. त्या मातीतून सोरा निघे आणि सोऱ्यापासून बंदुकीची दारू. १८१२ साली इंग्लंडशी युद्ध जुंपलं तेव्हा गुलाम मजुरांकडून इथे सोरा काढून घेण्यात आला. युद्ध संपलं, भाव कोसळला, आणि मालकांना दुसरा धंदा शोधावा लागला. १८१६च्या सुमारास लोकांना पैसे घेऊन गुहा दाखवायला सुरुवात झाली.

बघायला येणारा माणूस घोडागाडीतून येई, आणि गुहेपासून काही मैलांवर, जिथे लुइव्हिल-नॅशव्हिल रस्त्याला दुसरी वाट मिळते तिथे, त्याला उतरावं लागे. त्या फाट्यावर विल्यम बेल यांनी १८३०मध्ये खानावळ काढली. बेल्स टॅव्हर्न. तिथली पीचची ब्रँडी आणि मध प्रसिद्ध होता. गुहेची कीर्ती वाढली तसा या खानावळीचा गल्लाही भरत गेला. पुढे इमारत जळाली, नवी दगडी बांधायला घेतली तोच यादवी युद्ध आलं आणि ती अर्ध्यावर थांबली ती कायमची. त्या छप्पर नसलेल्या भिंती आजही पार्क सिटी नावाच्या छोट्या गावात उभ्या आहेत. गावाचं जुनं नाव ग्लासगो जंक्शन. सरळ मराठीत सांगायचं तर ग्लासगो फाटा.

१८३८मध्ये फ्रँकलिन गोरिन या वकिलाने गुहा विकत घेतली. त्याच्याबरोबर स्टीफन बिशप हा सतरा वर्षांचा गुलाम मुलगा वाटाड्या म्हणून आला. तोवर ज्या खोल दरीपाशी सगळे मागे फिरत, ती ओलांडून बिशप पलीकडे गेला. जमिनीखालच्या नद्या आणि त्यातले बिनडोळ्यांचे मासे जगासमोर आले ते त्यानंतर. त्याने आठवणीतून काढलेला गुहेचा नकाशा १८४५ साली छापला गेला. गुहा विकली गेली तेव्हा बिशपही तिच्याबरोबरच विकला गेला, एखाद्या अवजारासारखा.

नवे मालक होते लुइव्हिलचे डॉक्टर जॉन क्रोगन. १८३९मध्ये त्यांनी १०,००० डॉलरना हा सगळा व्यवहार केला. त्यांनी रस्ते सुधारले, हॉटेल वाढवलं. आणि मग त्यांना गुहेजवळ नव्हे, गुहेतच मुक्काम ठेवायची कल्पना सुचली. आतली हवा बाराही महिने सारखीच थंड असते, लाकूड कुजत नाही, म्हणजे ती क्षयरोग्यांना मानवेल, असा त्यांचा कयास. १८४२-४३च्या हिवाळ्यात रोग्यांसाठी आत दगडी आणि लाकडी खोपटी बांधली गेली. रोगी तिथे राहू लागले, अंधारात, तेलाच्या दिव्यांच्या धुरात. बरं कुणीच झालं नाही, काही जण आतच गेले, आणि काही महिन्यांत प्रयोग आटोपला. क्रोगन स्वतः १८४९मध्ये क्षयानेच वारले. दोन दगडी खोपटी अजून आत आहेत. वाटाडे तिथे थांबून ही हकिकत सांगतात. 

१८५९मध्ये लुइव्हिल-नॅशव्हिल रेल्वे पुरी झाली. आता पाहुणा ग्लासगो जंक्शनपर्यंत आगगाडीने येई आणि पुढचे नऊ-दहा मैल घोड्यांच्या डाकगाडीने. हा शेवटचा तुकडा सगळ्यांत त्रासाचा. १८८०च्या सप्टेंबरमध्ये याच वाटेवर डाकगाडी लुटली गेली. लुटीत एका न्यायाधीशांचं सोन्याचं घड्याळ गेलं. दीड वर्षाने जेसी जेम्स हा नामांकित दरोडेखोर मारला गेला, तेव्हा ते त्याच्याजवळ सापडलं. १८८६पासून या तुकड्यावर छोटी आगगाडी धावू लागली. तिची वाफेची इंजिनं आकाराने इतकी बेताची, की मोठ्या रेल्वेच्या शेजारी खेळणी वाटावीत. पण जंक्शनवर उतरलेला प्रवासी आता थेट हॉटेलच्या दाराशी येऊन पोचू लागला. म्हणजे एक गुहा, एक फाटा, एक हॉटेल, आणि सगळ्याच्या किल्ल्या क्रोगनच्या वारसांच्या विश्वस्तांकडे.

मोटार आली आणि ही किल्ली निकामी झाली. रुळावरची गाडी हॉटेलपाशीच थांबते. मोटारवाल्याला मात्र कुठेही थांबता येतं, आणि म्हणूनच कुठेही थांबवता येतं.

१९१५मध्ये डिक्सी हायवेची आखणी झाली. मिशिगन, ओहायो, इंडियानातले लोक थंडीला कंटाळून फ्लोरिडाकडे निघाले, तर त्यांच्यापैकी कितीतरी जण केंटकीतल्या केव्ह सिटी आणि ग्लासगो जंक्शनवरून जाणार हे ठरून गेलं. ही मंडळी हॉटेलात उतरणारी नव्हती. गाडीला तंबू जोडायचा, डब्यातलं अन्न गरम करायचं, सकाळी पुढे. १९१९मध्ये फ्लोरिडातल्या टँपाच्या एका बागेत अशांनी आपली संघटनाच काढली आणि नाव दिलं ‘टिन कॅन टूरिस्ट्स’. गाडीच्या रेडिएटरच्या झाकणावर पत्र्याचा डबा डाख देऊन बसवायचा, ही त्यांची खूण. आरव्हीवाल्यांचे खरे पूर्वज शोधायचे तर ते हेच डबेवाले.

गावोगावच्या नगरपालिकांनी सुरुवातीला त्यांच्यासाठी फुकट जागा मोकळ्या केल्या. नळ, चूल, कधी दिवा. मोटारवाला गावात थांबला की दुकानात चार पैसे टाकेल, असा हिशेब. मग काही लोक तिथेच मुक्काम ठोकू लागले, तेव्हा पाव-अर्धा डॉलर भाडं सुरू झालं. भाडं घ्यायचंच तर आपणही घेऊ, म्हणून खासगी लोकांनी शेतात लाकडी खोल्या उभ्या केल्या. कॅम्पग्राउंड आणि मोटेल ही दोन्ही भावंडं एकाच शेतातली.

केंटकीत या शेतांच्या खाली गुहा होत्या. ज्याच्या जमिनीत भोक सापडलं त्याला वाटे, आपलं नशीब उघडलं. १९१५मध्ये एल. पी. एडवर्ड्स यांच्या जमिनीत ग्रेट ऑनिक्स केव्ह सापडली. १९१७मध्ये फ्लॉइड कॉलिन्स या शेतकऱ्याच्या मुलाला क्रिस्टल केव्ह सापडली. जॉर्ज मॉरिसन नावाच्या उद्योगी माणसाने तर कमालच केली. मॅमथ केव्हच्या वाटा आपल्या हद्दीपर्यंत जमिनीखालून आल्या आहेत हे त्याने हेरलं, सुरुंग लावून १९२१मध्ये स्वतःचं वेगळं तोंड पाडलं आणि त्याला नाव दिलं ‘न्यू एन्ट्रन्स’. हे तोंड केव्ह सिटीच्या बाजूला. मोटार मूळ तोंडापर्यंत पोचायच्या आत मॉरिसनच्या आवारात शिरायची. गुहा तीच, दरवाजा मात्र रस्त्याला जवळ.

पुढची दहा-बारा वर्षं जे चाललं त्याला तिथे ‘गुहांची युद्धं’ म्हणतात. एकमेकांच्या पाट्या उखडल्या गेल्या, तिकीटघरं जाळली गेली. रस्त्यात ‘अधिकृत माहिती केंद्र’ अशी पाटी लावून खासगी टपऱ्या बसल्या. कॅपर याच काळातले.

न्यायालयात गाजलेला खटला ग्रेट ऑनिक्सचा. शेजारी एफ. पी. ली यांचं म्हणणं असं, की एडवर्ड्स दाखवतात त्या गुहेचा सुमारे तिसरा हिस्सा माझ्या जमिनीखाली आहे. गंमत अशी, की लींच्या जमिनीतून त्या भागात उतरायला वाटच नव्हती. तोंड एडवर्ड्सचं, हॉटेल एडवर्ड्सचं, जाहिरात एडवर्ड्सची. १९२९मध्ये न्यायालयाने गुहेची मोजणी करायचा हुकूम दिला. त्या वेळी एका न्यायमूर्तींनी विरुद्ध मत नोंदवलं: ज्या अंधारात मालक कधी पोचूच शकत नाही तो त्याच्या मालकीचा कसा? पण ते अल्पमतात राहिले. १९३६च्या निकालात लींच्या वारसांना नफ्यातला हिस्सा मिळाला. अमेरिकेत कायदा शिकणारी मुलं हा खटला आजही वाचतात. वाचकाला मात्र त्या एकट्या न्यायमूर्तींचंच म्हणणं पटण्याची शक्यता जास्त.

या सगळ्यात फ्लॉइड कॉलिन्सची अडचण साधी होती. त्याची क्रिस्टल केव्ह सुंदर, पण रस्त्याच्या टोकाला. केव्ह सिटीकडून आलेली मोटार आधी मॉरिसनकडे अडे, मग मॅमथकडे, मग ऑनिक्सकडे. क्रिस्टल केव्हपर्यंत यायला खराब रस्ता आणि शिल्लक राहिलेला उत्साह, दोन्ही पार करावे लागत. कॉलिन्स कुटुंबाकडे सौंदर्य होतं, फाटा नव्हता.

म्हणून फ्लॉइडने ठरवलं, रस्त्यालगत गुहा शोधायची. केव्ह सिटीच्या वाटेवर, सगळ्यांच्या आधी लागेल अशी. तिथल्या शेतकऱ्यांशी त्याने वाट्याचा करार केला आणि १९२५च्या जानेवारीत एका वालुकाश्माच्या कपारीखाली एकट्याने खणायला लागला. जागेचं नाव सँड केव्ह. ३० जानेवारीला परत वर येताना त्याच्या पायावर दगड सरकला. तो दगड पुढे तोलला गेला, तेव्हा जेमतेम बारा किलोंचा भरला. पण फ्लॉइड अशा चिंचोळ्या भेगेत आडवा अडकला होता, की त्याला हात खाली नेता येईना आणि दुसऱ्या कुणाला पायापर्यंत पोचता येईना.

लुइव्हिलच्या वर्तमानपत्राचा विल्यम मिलर हा चणीने लहान बातमीदार पुन्हा पुन्हा आत सरपटत गेला, त्याला भरवलं, त्याच्याशी बोलला. त्या बातम्या अमेरिकाभर छापल्या गेल्या, रेडिओवरून सांगितल्या गेल्या. मिलरला पुढल्या वर्षी पुलित्झर पुरस्कार मिळाला. काही दिवसांनी आतली वाट ढासळली आणि वरून उभा खड्डा खणायला घेतला गेला.

आणि मग गाड्या आल्या. ८ फेब्रुवारीच्या रविवारी सँड केव्हच्या माळावर हजारो माणसं जमली. दहा हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत आकडे सांगितले जातात. चिखलाच्या रस्त्यावर मैलोगणती मोटारींची रांग. खाण्याचे ठेले लागले, फुगे विकले गेले, बंदोबस्ताला सैनिक उभे राहिले. ज्या माणसाला रस्त्यालगत चार मोटारी थांबाव्यात एवढंच हवं होतं, त्याच्या डोक्यावर साऱ्या केंटकीतल्या मोटारी येऊन थांबल्या. तो खाली पंचावन्न फुटांवर जिवंत होता की नाही हे त्या रविवारी कुणालाच ठाऊक नव्हतं. खड्डा १६ फेब्रुवारीला त्याच्यापर्यंत पोचला. तीनेक दिवसांपूर्वी तो गेला असावा, असं डॉक्टरांनी सांगितलं.

त्याची फरफट तिथेही संपली नाही. १९२७मध्ये वडिलांनी क्रिस्टल केव्ह एका दंतवैद्याला विकली. नव्या मालकाने फ्लॉइडचा देह काचेचं झाकण असलेल्या पेटीत घालून गुहेत, पर्यटकांच्या वाटेवर ठेवला. टोकाला असलेल्या गुहेकडे आता मोटारी यायला लागल्या! १९२९मध्ये कुणीतरी तो देह पळवला. तो सापडला, पण एक पाय कमी भरला. दफन व्हायला १९८९ साल उजाडलं. गुहांच्या युद्धाबद्दल कितीही पुस्तकं वाचली तरी या एका पेटीएवढं स्पष्ट दुसरं काही बोलत नाही.

या गाजावाज्याचाही हातभार लागला आणि १९२६मध्ये काँग्रेसने मॅमथ केव्ह राष्ट्रीय उद्यानाला मंजुरी दिली. त्याच वर्षी क्रोगनची शेवटची वारसदार वारली. उद्यान प्रत्यक्ष उभं राहायला १ जुलै १९४१ उजाडला. मधल्या काळात जमिनी विकत घेतल्या गेल्या, काही सक्तीने, आणि शेकडो कुटुंबं उठली. चर्च आणि दफनभूमी राहिल्या, घरं गेली. महामंदीत सरकारने कामाला लावलेल्या तरुणांच्या तुकड्यांनी शेतांवर झाडं लावली, रस्ते बांधले. आज जे घनदाट जंगल म्हणून बघितलं जातं, त्यातलं पुष्कळसं कुणाच्या तरी मक्याच्या शेतावर उगवलेलं आहे.

उठलेल्यांमध्ये ब्रॅन्सफर्ड कुटुंब होतं. स्टीफन बिशपच्या बरोबरीने गुहा दाखवणाऱ्या मॅट ब्रॅन्सफर्ड या गुलाम वाटाड्याच्या पुढच्या पिढ्यांनीही हेच काम केलं. गुहेवरचं हॉटेल कृष्णवर्णीयांना उतरू देत नसे. तेव्हा त्याच नावाच्या वंशजाने आणि त्याची पत्नी झेमी हिने कृष्णवर्णीय पाहुण्यांसाठी स्वतःचं ब्रॅन्सफर्ड रिसॉर्ट चालवलं. दिवसा गुहा दाखवायची आणि रात्री निवारा द्यायचा. उद्यान झालं तेव्हा ती जागाही गेली आणि वाटाड्याची नोकरीही. २००४मध्ये या घराण्यातला माणूस पुन्हा तिथे वाटाड्या म्हणून लागला. ‘गाडी कुठे लावायची’ हा प्रश्न अमेरिकेत दीर्घकाळ सगळ्यांना सारखा नव्हता. १९३६पासून ‘ग्रीन बुक’ ही मुक्कामाच्या ठिकाणांची पुस्तिका कृष्णवर्णीय मोटारवाल्यांसाठी वेगळी छापावी लागत होती.

सरकार आत आलं, तसा धंदा बाहेर सरकला. छोटी आगगाडी १९३१मध्येच बंद पडली होती. आता पैसा हमरस्त्यावर. १९३७मध्ये फ्रँक रेडफर्ड यांनी केव्ह सिटीजवळ काँक्रीटच्या पंधरा शंकूंचं मोटेल बांधलं, ‘विगवॅम व्हिलेज’. आकार मैदानी आदिवासींच्या टीपीचा, नाव मात्र विगवॅमचं. पण धावत्या गाडीतून दिसायचं तेवढं दिसत होतं, आणि कॅपरने पायरीवर उडी मारण्यापेक्षा हे बरंच सभ्य. ते शंकू अजून भाड्याने मिळतात.

त्या सुमारास चाकांवरची घरंही रस्त्यावर येऊ लागली होती. १९३०च्या दशकात गाडीमागे जोडायचे ट्रेलर कारखान्यातून निघायला लागले. वॉली बायम यांचे गोळीच्या आकाराचे चकचकीत एअरस्ट्रीम त्यातलेच. राष्ट्रीय उद्यानांत आणि जंगलांत त्याआधीच मोटारींनी हाहाकार उडवला होता, कारण तोवर कॅम्प म्हणजे मोकळं रान. वाटेल तिथे गाडी घुसवायची, मुळांवरची माती दाबली जायची, झाडं वाळायची. एमिलिओ माइनेके या वनस्पतिरोगतज्ज्ञाने १९३२मध्ये यावर तोड काढली. एकेरी गोल रस्ता करायचा. त्याला प्रत्येक गाडीसाठी छोटा तिरका फाटा काढायचा. फाट्याच्या टोकाशी मोठे धोंडे रोवायचे, म्हणजे गाडी पुढे जाणार नाही. टेबल इथे, चूल तिथे. झाडांचा डॉक्टर असलेल्या या माणसाने आखलेला नकाशा आज अमेरिकेतल्या जवळजवळ प्रत्येक कॅम्पग्राउंडवर दिसतो. आरव्हीवाला नंबर शोधत ज्या गोल रस्त्याने चकरा मारतो, तो माइनेकेंचा.

त्यांनी हिशेब धरला होता त्या काळच्या मोटारीचा. गाड्या मात्र वाढत गेल्या. आयोवातल्या विनेबेगो कंपनीने १९६६पासून मोटरहोम मोठ्या संख्येने आणि तुलनेने स्वस्तात बनवायला सुरुवात केली. तीस-तीस, चाळीस-चाळीस फुटांची धुडं रस्त्यावर आली. त्यांना सपाट जागा हवी, तीस किंवा पन्नास अँपिअरची वीज हवी, नळ हवा आणि सांडपाण्याची टाकी रिती करायला डंप स्टेशन हवं. माइनेकेंच्या जुन्या फाट्यात ती मावत नाहीत.

जे उद्यानात मावत नाही ते बाहेर मावतं. १९६२मध्ये मोंटानातल्या बिलिंग्ज इथे केओए ही कॅम्पग्राउंडची साखळी सुरू झाली, १९६९मध्ये विस्कॉन्सिनमध्ये ‘योगी बेअर’ या कार्टूनच्या नावाची जेलीस्टोन. दोघांच्याही शाखा मॅमथ केव्हच्या आसपास आहेत, केव्ह सिटी आणि हॉर्स केव्ह या गावांत. इंटरस्टेट ६५ झाल्यावर जुना हायवे ओस पडला आणि फाटा पुन्हा सरकला. आता त्याचा नंबर आहे: केव्ह सिटीला एक्झिट ५३, पार्क सिटीला ४८.

उद्यानाच्या आत मुख्य कॅम्पग्राउंड पाहुणेघरापासून चालत जाण्याजोगं आहे, शंभराहून अधिक जागांचं, पण बहुतेक जागांना वीज-पाण्याची जोडणी नाही. जोडणी असलेल्या थोड्या जागा ग्रीन नदीच्या उत्तरेला, मेपल स्प्रिंग्जला. नदी ओलांडायला फेरीबोट आहे, आणि त्या बोटीवर आरव्ही किंवा ट्रेलर घेत नाहीत. म्हणजे ज्याला विजेची गरज सगळ्यांत जास्त, त्यालाच लांबचा वळसा.

न्यू मेक्सिकोतल्या कार्ल्सबॅड गुहांकडे तर आरव्हीसाठी आत कॅम्पग्राउंडच नाही. १९२३मध्ये राष्ट्रीय स्मारक आणि १९३०मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेली ही गुहा जिम व्हाइट या काउबॉयने लोकांपुढे आणली. सुरुवातीचे पाहुणे वटवाघळांची विष्ठा वर काढायच्या बादलीत बसून खाली उतरत. गुहेचा पैसा मात्र दुसऱ्या व्हाइटने ओळखला. चार्ली व्हाइट यांनी १९२०च्या दशकात, गुहेचा रस्ता हमरस्त्याला मिळतो त्या तोंडावरच जमीन धरली आणि खोल्या बांधल्या. जिमशी नातं काही नाही, आडनाव तेवढं सारखं. त्या फाट्याचं गाव झालं, नाव व्हाइट्स सिटी. उन्हाळ्यात संध्याकाळी गुहेच्या तोंडातून लाखो वटवाघळं बाहेर पडतात. ते बघायला आरव्हीवाले अंधार पडेपर्यंत थांबतात आणि मग रात्री उद्यानात गाडी लावायला बंदी असल्याने सात मैल उतरून फाट्यावर येतात. ज्यांना भाडं द्यायचं नाही, ते बाहेरच्या सरकारी माळरानावर वीज-पाण्याविना मुक्काम करतात. १९१९च्या डबेवाल्यांनी त्यांना पाहिलं तर ते अनोळखी वाटणार नाहीत.

मराठी वाचकाला हे चित्र फर्दापूरला दिसलं असेल. अजिंठ्याला जाणाऱ्या खासगी गाड्या लेण्यांपासून चारेक किलोमीटर अलीकडे, फाट्यावर थांबतात आणि पुढे बसने जावं लागतं. दुकानं अर्थातच फाट्यावर. महाराष्ट्र सरकारने २०२१मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं आहे. गाडी उभी करायची जागा, वीज, पाणी, सांडपाणी, असे केंटकीचेच प्रश्न आता इकडेही मांडले जातील.

ज्या गुहांसाठी पाट्या उखडल्या, तिकीटघरं जाळली, त्यांचं पुढे काय झालं? ग्रेट ऑनिक्स आणि क्रिस्टल या दोन्ही १९६१मध्ये सरकारने विकत घेतल्या. गुहा मोजणारे हौशी लोक क्रिस्टल केव्हच्या डोंगराखाली वर्षानुवर्षं सरपटत होते. ९ सप्टेंबर १९७२ला ते पाण्यातून चालत गेले आणि मॅमथ केव्हच्या पर्यटकांच्या वाटेवर, कठड्यापाशी निघाले. मॅमथ आणि क्रिस्टल ही एकच गुहा होती. आज तिची मोजलेली लांबी ६८० किलोमीटरच्या वर आहे, जगात सर्वांत जास्त.

सँड केव्ह अजून तिथेच आहे, आत जायला बंदी. केव्ह सिटीकडून उद्यानात शिरताना ती सगळ्यांच्या आधी लागते. कडेला छोटं वाहनतळ केलं आहे. तिथे गाडी लावून फळ्यांच्या वाटेने कपारीपर्यंत जायला पाच मिनिटं पुरतात. जागेबद्दलचा फ्लॉइडचा अंदाज अगदी बरोबर होता.